पुदिन्याची कॉकटेल्स आणि घरची सिरप्स: पान दाबायचं, चेचायचं नाही

घरी केलेला मोहितो (रम, लिंबू आणि पुदिन्याचं गार कॉकटेल) बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी. पुदिना ठेच्यासारखा चेचला जातो, आणि साखर चमच्याने अंदाजपंचे पडते. रम कुठली घेतली, ग्लास कसला होता, यांनी पडणारा फरक त्यामानाने किरकोळ असतो. पुदिना आणि साखर या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या, तर मोहितोच काय, पुदिन्याचं कुठलंही पेय घरच्या ओट्यावर चांगलं जमतं, मग त्यात दारू असो वा नसो.

सगळा वास पानाच्या पाठीवर

पुदिन्याचं पान उलटं करून भिंगातून पाहा. बारीक, चकाकणारे ठिपके दिसतील. या तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी. त्या पानाच्या वरच्या बाजूलाही असतात, पण खालच्या बाजूला जास्त. त्यांचं आवरण इतकं पातळ असतं की दोन बोटांत पान हलकं चोळलं तरी त्या फुटतात आणि वास सुटतो. आपल्याला हवं ते सगळं तिथेच, पृष्ठभागावर आहे.

पानाच्या आत जे आहे ते आपल्याला नको असतं. हरितद्रव्य, तुरट-कडवट पॉलिफेनॉल्स, आणि त्या पॉलिफेनॉल्सना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडून काळं पाडणारं एक विकर (एन्झाइम). पान जोरात कुटलं की पेशी फाटतात आणि हे सगळं एकत्र येतं. चिरलेलं वांगं काळं पडतं तीच ही क्रिया. ग्लासात पाच मिनिटांत तपकिरी चोथा दिसायला लागतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळतो. म्हणून बत्ता हातात घेतलात तरी चार-पाच वेळा हलकं दाबून किंचित पिळ द्यायचा आणि थांबायचं. पान अखंड राहिलं पाहिजे, फक्त मऊ आणि थोडं गडद दिसायला हवं. तुकडे पडले की समजा जोर जास्त झाला.

आता पुदिना कुठला, हेही बघायला हवं. मंडईतली जुडी बहुतांशी स्पिअरमिंट गटातली असते. तिचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा. गोडसर, हिरवा, चटणीतला ओळखीचा वास. पेपरमिंटमध्ये मात्र मेंथॉल भरपूर असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात तेलासाठी जो पुदिना मोठ्या प्रमाणावर लावतात, तोही मेंथॉलचाच. मेंथॉल तोंडातलं तापमान उतरवत नाही. थंडी ओळखणारा टीआरपीएम८ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) मज्जातंतूंवर असतो, त्याला ते चाळवतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. या ग्राहकाचा शोध २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी स्वतंत्रपणे लावला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. कॉकटेलला कार्व्होनवाला पुदिना हवा. पेपरमिंट इसेन्सचे चार थेंब टाकले की पेयाला टूथपेस्टचा वास येतो तो मेंथॉलमुळे, आणि तो मग कशानेही जात नाही. जुडी घेताना एक पान चावून बघा. घशापर्यंत झणझणीत गार लागलं तर तो मेंथॉलकडे झुकलेला पुदिना आहे, निम्मीच पानं वापरा. पानं फार मोठी, जाड आणि फुलोऱ्यावर आलेल्या झाडाची असतील तर ती चटणीला ठेवा. कॉकटेलला कोवळे शेंडे लागतात.

घरी आणल्यावर जुडी सोडा, काळी पडलेली पानं काढा, बाकीची देठासकट पाण्यात दोन-तीनदा बुडवून माती जाऊ द्या. पाणी पूर्ण झटकून ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. चार-पाच दिवस सहज टिकतो. पानांवर पाण्याचे थेंब राहिले तर दुसऱ्याच दिवशी तिथे काळे डाग पडतात.

सिरप म्हणजे पाक नव्हे

साखर थंड पाण्यात, त्यातही बर्फाच्या पाण्यात, फार हळू विरघळते. ग्लासात दाणेदार साखर टाकली की निम्मी तळाशी बसते, पहिले घोट आंबट लागतात आणि शेवटचे गोडमिट्ट. सिरप त्यासाठी करायचं.

इथे मराठी हाताची एक सवय आड येते. साखर आणि पाणी गॅसवर दिसलं की आपण तार बघायला लागतो. एकतारी पाकापर्यंत गेलेलं मिश्रण थंड झालं की बाटलीत साखर धरते. सिरपला तार येताच कामा नये. साखर विरघळली की गॅस बंद. उकळी येण्याचीसुद्धा गरज नाही.

माप वजनाने घ्या. वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी हे समान नसतं. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर साधारण २०० ग्रॅमच. वजनाने घेतलं तर दर वेळी गोडी तीच येते. नेहमीचं साधं सिरप २५० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम पाणी असं करायचं. हे साधारण ४०० मिली होतं आणि त्याच्या १५ मिलीत सुमारे ९ ग्रॅम साखर असते. दाट सिरपला ५०० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम पाणी. याच्या १० मिलीत तितकीच गोडी येते, म्हणजे पेय कमी पातळ होतं. पुढची सगळी मापं साध्या सिरपची आहेत. दाट वापरलंत तर दोन-तृतीयांश घ्या.

टिकण्याचं गणितही साखरेवरच चालतं. साखर ६५ टक्क्यांच्या आसपास गेली की यीस्ट आणि बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी फारसं उरत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत फळांच्या सरबताला विद्राव्य घनपदार्थ किमान ६५ टक्के मागितले आहेत, ते याच पातळीला धरून आहे. दाट सिरप ६७ टक्क्यांच्या जवळ असतं. ते फ्रिजमध्ये दोन-तीन महिने राहतं, साधं तीन-चार आठवडे. पण ६७ टक्के ही सामान्य तापमानाला साखर विरघळण्याची जवळजवळ शेवटची पायरी आहे. जरा पाणी उडालं की खडे जमतात. त्यासाठी दाट सिरपमध्ये अर्धा चमचा लिंबाचा रस घालून दोन-तीन मिनिटं मंद गरम करा. आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि खडे धरायला अडथळा होतो. लाडू-बर्फीच्या पाकात लिंबू पिळतात ते यासाठीच.

साखरेला मळी असेल तर चमचाभर दूध घालून वर येणारा फेस काढण्याची पद्धत पाकाला ठीक, पण कॉकटेलच्या सिरपमध्ये दूध नको. स्वच्छ पांढरी साखर घ्या आणि सिरप मलमलीतून गाळा. गुळाचं सिरप चविष्ट होतं, पण पुदिन्याचा नाजूक वास त्याखाली दबतो.

पुदिन्याचं सिरप, दोन रीतींनी

पहिली रीत भिजवण्याची. २५० ग्रॅम साखर आणि २५० ग्रॅम पाणी गरम करून साखर विरघळवा. गॅस बंद करून पाचेक मिनिटं थांबा, वाफेचा जोर उतरू द्या. मग ४० ग्रॅम पानं, देठांशिवाय, हातात हलकी दाबून आत घाला आणि लगेच झाकण ठेवा. झाकण विसरू नका, कारण पुदिन्याचं तेल वाफेबरोबर उडतं. स्वयंपाकघरात पुदिन्याचा घमघमाट सुटला असेल तर तो वास पातेल्यातून गेलेला आहे. २० ते ३० मिनिटांनी गाळा. पानं गाळणीत चमच्याने दाबून पिळू नका, नाहीतर कडवटपणा खाली उतरतो. सिरप फिकट पिवळसर-हिरवं दिसेल. बाजारातल्या सिरपचा हिरवागार रंग बहुधा खाद्यरंगाचा असतो, तो इथे शोधू नका.

पानं घालून उकळणं ही सर्रास होणारी चूक. उकळीने वरचा ताजा वास उडून जातो आणि मागे राहतो तो वाळलेल्या गवताचा, काढ्याचा वास.

दुसरी रीत हिरव्या रंगासाठी. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा. ४० ग्रॅम पानं त्यात १५ सेकंद बुडवा, झाऱ्याने काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. या १५ सेकंदांत काळं पाडणारं विकर निकामी होतं, वास मात्र बराचसा टिकतो. पानं घट्ट पिळून पूर्ण गार सिरपबरोबर मिक्सरमध्ये ३० सेकंद फिरवा आणि मलमलीतून गाळा. रंग सुंदर येतो. चव पहिल्या रीतीपेक्षा जरा भाजीसारखी, भरीव लागते. यात लिंबू आधीच पिळून ठेवू नका. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि काही तासांत सगळं शेवाळी, मळकट होतं. लिंबू ग्लासातच पडू द्या.

चवीपुरतं बोलायचं तर पहिली रीतच सरस. दुसरी पाहुण्यांसमोर रंग दाखवायचा असेल तेव्हा करा.

पुदिन्याचं सिरप साध्यापेक्षा लवकर उतरतं. दहा दिवसांत संपवा. काचेची बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण कोरडी करून भरा. वर बुरशीची जाळी दिसली, झाकण उघडताना फुस्स झालं किंवा आंबूस वास आला, तर अख्खी बाटली ओतून द्या. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

याच ओघात आणखी दोन सिरपं. आल्याचं करायचं तर आलं उकळू नका, उष्णतेने तिखटपणा मवाळ होतो. १०० ग्रॅम आलं किसून पिळा, साधारण ५० मिली रस मिळेल. तो अर्धा तास स्थिर ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. वरचा रस अलगद ओतून घ्या आणि २०० मिली दाट सिरपमध्ये मिसळा. साका आत गेला तर सिरप गढूळ होतं आणि जिभेवर पिठूळ लागतं. गवती चहाचं उलट आहे. त्याची पात चिवट, तिला उकळी मानवते. पाच-सहा पाती कापून ३०० मिली पाण्यात झाकून दहा मिनिटं उकळा, गाळा, उरलेल्या पाण्याचं वजन करा आणि तितकीच साखर घाला. उकळताना किती पाणी उडालं हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून वजन गाळल्यावर करायचं.

मोहितो

क्यूबातल्या हवानाचं हे पेय अवघ्या पाच जिनसांचं: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना, सोडा. एका उंच ग्लासासाठी ८ ते १० पानं, २० मिली साधं सिरप, २० मिली कागदी लिंबाचा रस, ६० मिली पांढरी रम आणि ६० ते ९० मिली सोडा.

पानं आणि सिरप ग्लासात घालून बत्त्याच्या टोकाने किंवा लाटण्याने चार-पाचदा दाबा. लिंबाचा रस घाला, मग रम. तेल पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं, त्यामुळे रम पडल्यावर अर्धा मिनिट थांबणं फायद्याचं. मग ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. बर्फ कमी घातला तर पेय कमी पातळ होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दोन-तीन खडे एवढ्या पेयाला गार करता करता स्वतःच संपून जातात, भरपूर बर्फ मात्र एकमेकांना गार ठेवतो आणि हळू वितळतो. सोडा शेवटी, ग्लासाच्या कडेने ओतायचा आणि लांब चमच्याने तळापासून वर एकदाच उचलायचं. ढवळत बसलात तर बुडबुडे निघून जातात. सोडा फ्रिजमध्ये आधीच गार केलेला हवा, कारण गार पाण्यात वायू जास्त धरून राहतो.

अनेक ठिकाणी लिंबाच्या फोडी सालासकट पुदिन्याबरोबर कुटतात. सालीतलं तेल थोडं आलं तर छान, पण कुटताना पांढऱ्या गराचा कडूपणाही उतरतो आणि आपल्या कागदी लिंबाच्या बिया फुटल्या तर विचारूच नका. रस वेगळा काढा, गाळून घ्या, आणि त्याच दिवशीचा वापरा. मध्यम लिंबाला १५ मिली रस धरावा.

पेय चाखायचं ते बर्फ घातल्यावर. गार असताना जिभेला गोडी कमी जाणवते. बर्फाविना ‘जरा गोड’ वाटलेलं मिश्रण बर्फानंतर बरोबर लागतं. तरीही कडवट वाटलं तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकं मीठ घाला. मीठ कडूपणा दाबतं, खारट लागेपर्यंत जायचं नाही. आंबट झालं तर ५ मिली सिरप, मिळमिळीत झालं तर ५ मिली लिंबू. एका वेळी ५ मिलीच.

वर खोवायचा तुरा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा टाळी वाजवल्यासारखं आपटा आणि स्ट्रॉच्या अगदी शेजारी खोवा. घोट घेताना नाक तिथेच येतं आणि पुदिन्याचा निम्मा आनंद नाकातूनच मिळतो.

दारूविना करायचा तर रमच्या जागी फक्त सोडा वाढवू नका, पेय पोकळ लागतं. साध्या सिरपऐवजी २५ मिली पुदिन्याचं सिरप, २५ मिली लिंबू, आल्याच्या रसाचे पाच-सहा थेंब आणि १५० मिली सोडा घ्या. आल्याची धार रमच्या झणक्याची जागा बऱ्यापैकी भरून काढते.

साउथसाइड आणि जुलेप

साउथसाइड हे जिनचं पेय, शेक करून गाळलेलं. ६० मिली जिन, २५ मिली लिंबू, २० मिली सिरप, ६ पानं. इथे पानं दाबायचीही गरज नाही, शेकरमधला बर्फच ते काम करतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. काचेची बरणी बर्फासह हलवू नका, तडकते. १० ते १२ सेकंद जोरात हलवा, मग चहाच्या गाळणीतून गार ग्लासात गाळा. गाळणी वगळली तर हिरवे कण दातांत येतात. शेक करायच्या भांड्यात सोडा कधीच घालू नये, दाबाने झाकण उडतं.

मिंट जुलेप अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलच्या घोड्यांच्या शर्यतीशी, केंटकी डर्बीशी जोडलेला आहे. ही शर्यत १८७५ पासून भरते. जुलेपमध्ये लिंबू नाही, सोडा नाही. ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), १० मिली सिरप, ८ पानं आणि ढीगभर बारीक बर्फ. इतक्या कडक पेयाला पाणी हवंच असतं, ते या बर्फातून येतं. बर्फ जाड, स्वच्छ फडक्यात गुंडाळून लाटण्याने ठोका, फडकं सुटं पाणी शोषून घेतं. मिक्सरमध्ये केलेला चुरा आधीच निम्मा पाणी झालेला असतो. स्टीलचा पेला वापरा, बाहेरून पांढरं दव धरेपर्यंत ढवळा.

कोकण आणि गोव्याची जोड

अमृत कोकम हे न उकळता केलेलं सिरप आहे, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. ताज्या कोकमाच्या सालांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात. साखर सालीतला रस ओढून घेते आणि त्यातच विरघळते. वेगळं पाणी पडत नाही, त्यामुळे ते दाटही असतं आणि टिकाऊही. कोकमाचा आंबटपणा पुदिन्याला फार छान पेलतो: ८ पानं, २५ मिली अमृत कोकम, ४५ मिली जिन, ५ मिली लिंबू, बर्फ, ९० मिली सोडा. विकतच्या काही बाटल्यांत जिरं आणि मीठ असतं, आधी चाखून घ्या.

गोव्यात काजूच्या हंगामात उर्राक मिळते. ती काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली ऊर्ध्वपातित दारू, फेणीपेक्षा सौम्य. तिथे ती लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाच्या गोड सोड्याबरोबर पितात. त्यात पाच-सहा पुदिन्याची पानं सहज मिसळून जातात, वेगळं सिरप लागत नाही. फेणीचा वास मात्र दांडगा आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या स्वभावासकट. तिच्यापुढे साधं पुदिन्याचं सिरप टिकत नाही. ४५ मिली फेणीला १५ मिली आल्याचं सिरप, २० मिली लिंबू आणि १० पानं लागतात.

महाराष्ट्रात रम, जिन यांसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो, हे पाहुणे बोलावताना ध्यानात ठेवा.

दहा जणांसाठी मोहितो करायचा असेल तर ६०० मिली रम, २०० मिली सिरप आणि २०० मिली लिंबाचा रस एका जगमध्ये मिसळून दोन तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. पुदिना त्यात घालू नका, काळा पडतो. पाहुणे आले की प्रत्येक ग्लासात ८ पानं आणि थोडं मिश्रण घेऊन दाबा, एकूण १०० मिली मिश्रण होऊ द्या, बर्फ भरा, वरून सोडा. पुदिन्याची पानं आधी खुडून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली असतील तर एका ग्लासाला मिनिटभरही लागत नाही.